भाऊ, जरा बाजूला व्हा

मंडळी,

हे लिहायचं मी टाळलं. जेवढं टाळता येईल तेवढं टाळलं. भाऊंच्या तेराव्याला माई मला म्हणाल्या, "शोकसभेत तू बोल. पण लिहून आण रे. तोंडी बोललास की ठाण्याहून निघतोस आणि शहापुरात उतरतोस." मी बरं म्हटलं. मग शाई नव्हती. शाई मिळाली तर बाळकुमहून मिठाची होडी सुटत होती, तिच्यावर गेलेलो. होडीवरच्या तांडेलाला खाडीतले सगळे खडक नावानिशी ठाऊक, आणि त्यातल्या एका खडकाचं नाव... जाऊ दे. माई बघतायत.

खरं कारण सांगतो. भाऊंबद्दल लिहायचं तर तुमच्याबद्दल लिहावं लागतं. आणि तुमच्याबद्दल चांगलं लिहिणं काही माझ्याच्याने होईना. शेवटी आज दुपारी जे उतरलं ते वाचतो. शोकसभेत गोड बोलायचं असतं हे मला माहीत आहे. माझ्या आधीचे सगळे गोड बोललेत. तेवढं पुरे.

माझी ओळख बऱ्याच जणांना नाही. मी वसंता. भाऊंचा मी कोणी नाही. शाळेने मला मॅट्रिकच्या अलीकडे सोडलं की मी शाळेला, यावर दोन मतं आहेत. कधी तंबूच्या टॉकीजबरोबर फिरतो, कधी होड्यांवर, आणि ठाण्यात असलो की खोपटला भाऊंच्या पडवीत झोपतो. झोपायचो. तिथे झोपायचो म्हणून दर रविवारी सकाळी हे जे तिघे इथे व्यासपीठावर बसलेत त्यांच्या आवाजाने जागा व्हायचो. दामले वकील, आपले अध्यक्ष. डोंबिवलीचे सबनीस. कल्याणचे आप्पा राऊत. मी त्यांना आजपासून नाही ओळखत, कित्येक रविवारांपासून ओळखतो.

आता जरा या खुर्चीकडे बघा. शोकसभेत खुर्चीवर काय असतं? फोटो असतो. फोटोला हार असतो. इथे हार आहे. कशाला घातलाय? कॅमेऱ्याला. छायाचित्र मंडळाची शोकसभा, समोर एवढे कॅमेरेवाले बसलेले, आणि गेलेल्या माणसाचा फोटो नाही. हलवायाच्या लग्नात पेढे बाहेरून आणावे लागले तर आपण हसतो. इथे बाहेरूनही मिळाले नाहीत. दामले साहेब मघाशी म्हणाले, "कॅमेरा हेच भाऊंचं खरं चित्र." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

आणि कॅमेरा तरी कसला? हार जरा सरकवतो. हे बघा. पुढे भिंग नाही. भोक आहे. भोकावर जे झाकण आहे ते भाऊंच्या तपकिरीच्या डबीचं आहे. मापात बसलं म्हणून बसवलं. झाकण काढलं की आधी भाऊ शिंकायचे आणि मग बघायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साहेबलोक गेले तेव्हा कल्याणच्या लष्करी छावणीतल्या वस्तू मिळेल त्या मार्गाने बाहेर आल्या. टेबलं, बूट, ग्रामोफोन. भाऊ कचेरीतले कारकून, कधी काही घेणार नाहीत. पण कुणा साहेबाच्या बटलरकडे हा जर्मन कॅमेरा दिसला आणि ते हरले. भिंग बटलरने आधीच दुसऱ्याला विकलेलं. भाऊ म्हणाले, भिंग काय, मिळेल. देश स्वतंत्र झालाय, भिंग मिळणार नाही?

नाही मिळालं. म्हणजे मिळालं असतं. ते मिळू कसं दिलं नाही तेच सांगायला मी उभा आहे.

या जातीच्या कॅमेऱ्यात एक गंमत आहे. त्याच्या बारक्या खिडकीतून बघितलं की समोरचं माणूस दोनदा दिसतं. एक ठसठशीत, एक फिकट, भुतासारखं. भिंग फिरवलं की भूत सरकतं. सरकत सरकत माणसावर बरोबर बसलं की समजायचं, अंतर जमलं. भोकाच्या आत एक बारीक चाक असतं, त्याला भिंग ढकलतं, म्हणून हे होतं. भाऊंकडे भिंग नव्हतं. करंगळी होती. झाकण काढायचं, शिंकायचं, करंगळी आत घालायची, चाक दाबायचं. आणि तोंडाने सांगायचं, "वसंता, सहा फूट. कचरेवाला, पंधरा. पारावरची गाय, गाय हलली." मग खटका दाबायचे. आत फिल्म नाही, पुढे भिंग नाही. खट्. खोपटमधली निम्मी माणसं समजत होती की आपला फोटो निघालाय. एक म्हातारी तर वर्षभर विचारत होती, धुऊन कधी येणार म्हणून.

सगळ्यात जास्त खट् कुणावर? बायकोवर. माईंवर.

माईंचा आयुष्यात एक फोटो आहे, लग्नातला. त्यात सगळे सरळ बघतायत, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून माईंनी नेमकी मान वळवली. चेहऱ्याच्या जागी धुराचा गोळा. भाऊ म्हणायचे, "आमचं लग्न कुणाशी झालं ते फोटोवरून कळत नाही." कॅमेरा घरी आणला त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलेलं, पहिला फोटो तुझा. भिंग आलं की पहिला तुझा. माई मागच्या दारात तांदूळ निवडत बसायच्या. भाऊ पडवीतून, दोन खोल्या ओलांडून, त्यांच्यावर कॅमेरा धरायचे. "माई, दोन दिसतेस. थांब. थांब. हां, आता एक झालीस." खट्. माई वर न बघता म्हणायच्या, "एकीलाच पुरे पडत नाही तुमचं, दोन कशाला?"

तर भिंग. नेहमीच्या वापराचं, कॅमेऱ्याबरोबर कायम राहणारं एक भिंग निवडायचं होतं. एवढंच होतं काम. लग्न नव्हतं ठरवायचं. त्या भिंगाला मंडळी पन्नासचं म्हणतात, डोळ्याला साधारण जेवढं दिसतं तेवढं त्यातून येतं. त्यात तीन प्रकार. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, उजेड जास्त आत घेणार. आप्पांकडे साडेतीनचं, बारकं, कॅमेऱ्यात आत ढकलून खिशात घालता येणारं. सबनीसांकडे दोनचं. दामले साहेबांकडे दीडचं, भलंमोठं, दिव्याच्या उजेडातही काम करणारं. आणि लक्षात ठेवा, तिन्ही पन्नासचीच. तिन्हींतून माई तेवढ्याच दिसणार होत्या.

रविवारी सकाळी तिघे यायचे. चहा माईंचा, पोहे माईंचे, पडवी भाऊंची, मत यांचं.

दामले साहेब: "भाऊ, स्वयंपाकघर काळोखं. दीडशिवाय वहिनी उमटणारच नाहीत."

आप्पा: "दीडचं तोंड सगळं उघडलंत तर फोटो दुधात भिजवल्यासारखा येतो. साडेतीन घ्या. वहिनींना म्हणावं, बाहेर उन्हात या."

सबनीस: "दोन. मधलं. शहाण्याने मधलं घ्यावं."

दामले: "मधलं घेतात ते ना इकडचे ना तिकडचे. डोंबिवलीचे."

आतून माई: "मी येईन की बाहेर. त्यात काय."

ऐकलं कुणी? कुणी नाही ऐकलं. माई बाहेर येणार म्हणजे प्रश्न सुटणार, आणि प्रश्न सुटला तर पुढच्या रविवारी पोहे कुठे खायचे?

मला आधी वाटायचं, ही माणसं भाऊंसाठी भांडतायत. बराच काळ वाटायचं. मग एकदा अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं. भाऊंसाठी नाही. प्रत्येकाने आपलं भिंग घेऊन ठेवलेलं, आणि बरोबर घेतलं की चूक याची प्रत्येकाला मनात धाकधूक. भाऊंनी त्याच आकड्याचं घेतलं की याचं बरोबर ठरणार, बाकी दोघांचं चूक. भाऊंना भिंग हवं होतं. यांना निकाल हवा होता. वकील, तुम्ही मान हलवू नका, मी अजून प्रश्न विचारलेला नाही.

आणि मग ते वर्तमानपत्र.

भिंग पारखायची यांची रीत सांगतो, नवीन सभासदांनी शिकून घ्यावी. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट धरायचं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावायचा. फोटो काढायचा, धुवायचा, आणि मग काचेने बघायचं की कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात की नाही. मध्ये तर काय कुठलंही भिंग वाचतं, खरी परीक्षा कोपऱ्यात. हे दामले साहेबांच्या आवारात चालायचं, मागच्या भिंतीवर. तिथे खाडीचा वारा. खिळे मारले तर गिलावा पडतो म्हणून दामले साहेब मारू देत नसत. मग वर्तमानपत्र कुणी धरायचं?

भाऊंनी.

कॅमेऱ्याला भिंग नसलेले ते एकटेच होते, हात मोकळे. भाऊ भिंतीला चिकटून उभे राहायचे, दोन्ही हात लांब करून कागद ताणायचे, श्वास धरायचे. आणि काळं कापड नसलं तरी त्याखालून आल्यासारखा ऐटीत आवाज यायचा. दर वेळी. प्रत्येक भिंगाच्या वेळी. मी आवाराच्या गडग्यावर बसून ऐकलंय.

"भाऊ, जरा बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येताय."

आणि भाऊ बाजूला व्हायचे.

परवा मी तिघांच्याही घरी गेलो. शोकसभेला एक फोटो द्या म्हटलं, कसलाही, मागे उभे असलेला, पाठमोरा, चालेल. आप्पांनी पेटी उघडली. सबनीसांनी अल्बम दिला, मधे पातळ कागद घातलेला, सुंदर अल्बम. दामले साहेबांकडे तर कपाट. सगळं बघितलं. वर्तमानपत्राचे फोटो. तेच पान. केसाच्या तेलाची जाहिरात, सोन्याचे भाव, कुणाचा तरी सत्कार. त्या सत्कारातल्या माणसाचे मी इतके फोटो बघितलेत की तो रस्त्यात भेटला तर मी नमस्कार करीन. आणि भाऊ? भाऊ आहेत. प्रत्येक फोटोत आहेत. कोपऱ्यात बघा. दोन कोपऱ्यांना बोटं. एका बाजूला अंगठा, अंगठ्याला शाई. साडेतीनच्या फोटोत अंगठ्यावरच्या रेघासुद्धा मोजता येतात. दोनमध्ये बऱ्या. दीडमध्ये अंगठा लोण्याचा.

सबनीस मला काय म्हणाले सांगू? म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? दीडचे कोपरे जातातच."

मंडळी, माणूस गेलेला. तेरावं झालेलं. आणि हा सद्गृहस्थ कोपरे बघतोय.

माझा तोल जातोय. कागदावर इथे लिहिलंय, पाणी पी. पितो.

भाऊंनाही मी सोडत नाही. मेला म्हणून माणूस शहाणा होत नाही. भाऊ भिडस्त. एकदा फोर्टात कॅमेऱ्यांच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलेलो. पारशी म्हातारा, डोक्याला काळी टोपी, बोटं अशी स्वच्छ की त्याने दिलेला चहा प्यायला संकोच वाटावा. आयात बंद असल्यामुळे कुणी साहेब देश सोडताना विकून गेला तरच त्याच्याकडे भिंग येणार. त्या दिवशी आलेलं. दोनचं. पहिला फोटो माईंचा, हे भाऊंनी त्याला सांगून टाकलेलं. त्याने कॅमेऱ्यावर बसवून दिलं. भाऊंनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा करंगळी न घालता, नुसतं भिंग फिरवून मला एक केलं. मला वाटलं, झालं. आणि भाऊ म्हणतात काय, "मंडळींना विचारून येतो."

म्हाताऱ्याने भिंग काढून घेतलं. म्हणाला, "साहेब, फोटो बाईचा काढायचा ने? मग मंडळींना काय विचारते तुम्ही?"

ठाण्यात आलो. मंडळींना विचारलं. मंडळींनी रविवारमागून रविवार चर्चा केली. दामले साहेबांनी कागद धरायला लावला. मग आम्ही परत फोर्टात गेलो तेव्हा ते भिंग कुणी घेऊन गेलेलं. परतताना भाऊंनी फक्त बोरीबंदरच्या घड्याळावर कॅमेरा धरला. खट्.

अशा माणसाची चीड येते की नाही? मला येते. एवढी वर्षं बायको मागच्या दारात बसलीय, आणि तुम्ही कुणाला विचारताय?

शेवटचे भेटले ते मी नाशकाकडे निघालेलो तेव्हा. पडवीत बसलेले, छाती शेकत. म्हणाले, "वसंता, ठरलं रे."

मी म्हटलं, "कुठलं?"

"ते नाही सांगणार. या वेळी कुणालाच नाही सांगितलं. माईलाही नाही."

मी हसलो. भाऊंचं "ठरलं" मी इतक्यांदा ऐकलेलं. मी म्हटलं, "परत येतो तेव्हा दाखवा." ते म्हणाले, "दाखवतो." मी नाशकाहून आलो तर पडवीत चपला होत्या. खूप चपला.

तर ठरलं वगैरे काही नव्हतं. माझं मत सांगतो. माणूस ठरवता ठरवता गेला. तुम्ही त्याला ठरवू दिलं नाहीत, आणि त्याने तुम्हाला तसं करू दिलं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्यानंतर इथे एक ठराव येणार आहे. हा कॅमेरा मंडळाने ताब्यात घ्यावा, डोंबिवलीला सबनीसांच्या माडीवर काचेचं कपाट करावं, खाली पितळी पाटी. दामले साहेब मला बाहेर म्हणाले, "बिनभिंगाचा कॅमेरा बाईमाणसाला काय उपयोगाचा? कपाटात मान तरी राहील." आता तुम्ही सगळे हात वर करणार. हात वर करायला तुम्हाला आवडतं. कागद धरायला नव्हतं आवडत.

हात वर करण्याआधी ऐका. काल संध्याकाळी मी माईंना विचारलं, कॅमेरा द्यायचा का? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "द्यायचा नाही रे. पण वकीलसाहेब घरी येऊन बोलून गेले, मी नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, "फोटो तर निघत नाही त्यातून." तर माई म्हणाल्या, "फोटो नसेल निघत. पण त्याच्यातून ते मला बघायचे. एरवी घरात कोण कुणाकडे बघतं?"

एवढंच. मला आणखी काही सांगायचं नाही. माईंना तो कॅमेरा हवाय. त्यांनी तुम्हाला इतकी वर्षं पोहे दिले आणि एकदाही काही मागितलं नाही. आज त्या मागतायत, आणि ते त्यांच्याच घरातलं आहे. ज्याला ठराव मांडायचा असेल त्याने आधी माईंच्या समोर उभं राहावं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मांडावा. दोन दिसल्या तर थांबा. एक होईपर्यंत बघा. मग बोला.

कुणी उठत नाही. बरं.

मग आता उभे राहू या. बोलण्याने भाऊंचं कधी भलं झालं नाही, तेव्हा थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. सबनीस, घड्याळ बघायचं नाही. आप्पा, काठी टेका आणि उभे राहा. भाऊ, तुम्ही मात्र या वेळी बाजूला होऊ नका. मधोमध उभे राहा. आम्ही...

थांबा. दाराशी काय चाललंय? कोण आहे ते? येऊ द्या त्यांना आत. अहो, येऊ द्या म्हणतो ना.

मंडळी, हे कागदावर नाही. त्यांना मी ओळखतो. काळी टोपी. हे फोर्टातल्या दुकानाचे म्हातारबाबा आहेत. काय म्हणालात, बाबा? जरा मोठ्याने. खोपटला घरी जाऊन आलात? शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं? भाऊसाहेब कुठे आहेत, असं विचारतायत हे. म्हणजे यांना ठाऊक नाही. यांच्या हातात डबी आहे, मंडळी. भाऊंनी सांगून ठेवलेलं भिंग आलंय, ते द्यायला आलोय म्हणतायत.

दामले साहेब, बसा. सबनीस, हात मागे. आप्पा, चष्मा काढून खिशात घाला. आकडा कुणी विचारायचा नाही. बाबा, तुम्हीही सांगू नका. माई, उठा, इकडे या. या. मंडळी, जरा बाजूला व्हा.